ॲपलेशियातल्या बायका जगापासून तुटलेल्या नव्हत्या

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ॲपलेशियन डोंगरांत राहणाऱ्या आजी-आई-लेकींच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं: ही माणसं दोनशे वर्षं जगापासून तुटलेली होती, शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी बोलत होती आणि बायका मुकाट्याने सोसत होत्या. ली स्मिथ यांची ‘फेअर अँड टेंडर लेडीज’ (१९८८) ही पत्ररूप कादंबरी नीट वाचली तरी यातलं काही टिकत नाही.

आधी ‘तुटलेपण’. नायिका आयव्ही रो पत्रं लिहायला लागते तीच हॉलंडमधल्या पत्रमैत्रिणीला. वास्तवातही इथल्या जंगलातलं जिनसेंग या औषधी वनस्पतीचं मूळ अठराव्या शतकापासून चीनला जात होतं. फळं लाल झाली की मूळ खणायचं, बिया तिथेच पुरायच्या आणि वाळवलेलं मूळ दुकानदाराला द्यायचं. घाई करून बी पिकायच्या आधीच खणलं, तर त्या जागी पुन्हा रोप येत नाही. १८८३ मध्ये रेल्वे व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टसला पोचली आणि कोळसा बाहेर जाऊ लागला.

शेक्सपिअरचं म्हणाल तर काही शब्द जुने आहेत, एवढंच. ‘माइट कुड’ (कदाचित जमेल) अशी जोडक्रियापदं आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर आणि स्कॉटलंडकडून आलेल्या वसाहतकऱ्यांशी जोडली जातात. ‘अ-हंटिंग’सारख्या रूपांत क्रियापदाआधी येणारा ‘अ’ही कुठेही लागत नाही: शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात नसेल तर तो सहसा येत नाही, त्यामुळे ‘अ-डिस्कव्हरिंग’ कुणी म्हणत नाही. लेखकाने तो सरसकट पेरला की संवाद खोटा वाटतो. आयव्हीच्या पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका वयानुसार कमी होत जातात. गोठलेल्या भाषेत असा बदल दिसलाच नसता.

सर्वांत अन्यायकारक दावा मुकाट सोसण्याचा. त्यासाठी खाणवस्तीचा हिशेब समजून घ्यायला हवा. पगाराआधी लागणारी उचल अनेकदा कंपनीच्याच नाण्यांत मिळे आणि ती मुख्यतः कंपनीच्या दुकानात चाले. घरभाडं, डॉक्टर, सुरुंगाची दारू हे सगळं मजुरीतून कापलं जाई. घर नोकरीला बांधलेलं असल्यामुळे नवरा खाणीत मेला की विधवेला घरही सोडावं लागे. अशा कथांमध्ये बायका डोंगरातल्या शेताकडे परततात, त्यामागे जुन्या मातीची ओढ असतेच, पण बऱ्याचदा दुसरा निवाराच नसतो. ही बाजू समीक्षेत फार कमी येते.

ते शेतही सुरक्षित नव्हतं. जुन्या खरेदीखतांनी वरची जमीन कुटुंबाकडे आणि खालचं खनिज कंपनीकडे गेलं होतं. पुढे बुलडोझर आले तेव्हा केंटकी राज्याच्या न्यायालयांनी वरची जमीन उकरण्याचा हक्कही कंपन्यांना दिला. १९६५ मध्ये नॉट काउंटीत ऑली कोम्ब्ज ही विधवा बुलडोझरसमोर बसली, तिला उचलून तुरुंगात नेलं. १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी राज्याची घटना दुरुस्त करून या खतांना लगाम घातला.

केंटकीतल्याच हार्लन काउंटीत खाणकामगाराची बायको फ्लॉरेन्स रीस हिने १९३१ मध्ये ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असं विचारणारं गाणं लिहिलं. त्याच काउंटीतल्या ब्रुकसाइड खाणीत १९७३ मध्ये संप झाला. न्यायालयाने खाणीच्या दारावर किती संपकरी उभे राहू शकतात यावर मर्यादा घातली, तेव्हा त्यांच्या बायका छड्या घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि कामावर जाणाऱ्यांना अडवू लागल्या.