बूस्ट दाबायच्या आधी आपलं गिऱ्हाईक कुठल्या गावचं ते बघा

आपल्या बेळगावात घरातून धंदा करणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली आहेत. कुणी वडगाव-शहापूरच्या मागावरच्या साड्या विकतंय, कुणी अनगोळात केक करतंय, कुणी हिंडलग्याहून लोणची-पापड पाठवतंय. माल एकाहून एक सरस. आणि भेटली की प्रत्येकीची तक्रार तीच, "अगं, पैसे भरून जाहिरात केली, लाइक ढीगभर आले, ऑर्डर एक नाही." माझं स्वतःचं मसाल्याचं छोटं दुकान आहे, जाहिराती मी स्वतःच लावते, म्हणून यावर आज जरा सविस्तर लिहिते.

फेसबुकवर पोस्टच्या खाली, पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवायचं ते बूस्टचं बटण असतं ना, तिथंच बरेच पैसे वाया जातात असं माझं ठाम मत आहे. परवा वडगावच्या एका वहिनींचा मोबाईल हातात घेऊन बघितला. ठिकाण: भारत. वय: 18 ते 65 च्या पुढं. स्त्री-पुरुष दोन्ही. लाइक देणाऱ्यांची नावं उघडली तर कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं. साडी नऊवारी! त्यांच्या घरात ती नेसणार कोण? यात फेसबुकनं फसवलं असंही नाही. जाहिरातीचा उद्देश म्हणून लाइक-कमेंट निवडले, की ते जिथं स्वस्तात मिळतात अशा माणसांसमोर ती जाहिरात जाते. उद्देश "मेसेज" ठेवला तर निदान बोलायला येणारी माणसं शोधली जातात. एवढा एक बदल आधी करा.

पण खरी गोष्ट ठिकाणाची, आणि त्यात आपण सीमाभागातली माणसं सगळ्यात जास्त अडकतो. तिथं राज्याचं नाव टाकायची सोय असते. "कर्नाटक" टाकलं, तर जाहिरात बेंगळुरू, म्हैसूर, कलबुर्गीला फिरते. "महाराष्ट्र" टाकलं तर नागपूर-अमरावतीला. आपलं गिऱ्हाईक या दोन्हींत मावत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं झाली, आपल्या मधून रेघ गेली, पण सोयरीक, जत्रा, बाजार, दवाखाना यांची ये-जा काही थांबली नाही. चंदगडचं माणूस लग्नाचा बस्ता बांधायला आजही बेळगावात येतं. गडहिंग्लजची लेक खानापुरात नांदते. निपाणीची माणसं कोल्हापूरलाही जातात आणि इकडंही येतात. राज्याच्या यादीत हे कुठंच दिसत नाही.

म्हणून राज्य टाकू नका, नकाशावर पिन टाका. आपल्या दुकानावर पिन ठेवायची आणि किती किलोमीटरचा गोल हवा ते सांगायचं. असा गोल 80 किलोमीटरपर्यंत वाढवता येतो. बेळगावात पिन ठेवून तो पूर्ण मोठा केला, की त्यात खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, गोकाक, बैलहोंगल, धारवाड आणि घाटाखालची सावंतवाडीसुद्धा येते. कोल्हापूर मात्र बाहेर राहतं, ते हवं असेल तर वेगळी पिन टाकावी लागते. मला हा गोल फार आवडतो. आपला रोजचा मुलूख जसा आहे तसाच त्यात दिसतो.

फक्त गोल अंतर हवेतून मोजतो. सावंतवाडी नकाशावर जवळ दिसली तरी मधे आंबोलीचा घाट आहे. केकवालीनं तिथं जाहिरात दाखवून काय करायचं? तिनं आठ-दहा किलोमीटरचाच गोल ठेवावा, टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, अनगोळ, बस्स. साडीवाली, मसालेवाली यांचा माल पार्सलनं जातो, त्यांनी मोठा ठेवावा. जो भाग नको तो वगळायचीही सोय असते.

आता मसाल्याचं सांगते, कारण ते मी रोज बघते. संकेश्वरी मिरची तिखट, ब्याडगी रंगाला. माझ्याकडं येणारी चंदगड-गडहिंग्लजकडची बाई संकेश्वरी जास्त घालायला सांगते, गोव्याकडून फोन येतो तो हमखास रंगासाठी. मग दोघींना एकच जाहिरात कशी चालेल? मी दोन वेगळ्या करते. एकीत वाळवलेल्या संकेश्वरीचा फोटो आणि "वर्षाचा कांदा-लसूण मसाला, तिखट हवा तसा करून मिळेल" एवढंच. दुसरीत ब्याडगीची लालभडक पूड, वाटीत तेल घालून कालवलेली, रंग दिसावा म्हणून. खर्च दोन्ही मिळून तेवढाच. फोनवर मात्र पहिल्याच वाक्याला मुद्द्याचं बोलणं सुरू होतं, "किती किलोला किती मिरची घालता?" असा प्रश्न विचारणारी बाई म्हणजे गिऱ्हाईक. "प्राइस प्लीज" लिहून गायब होणारी नव्हे.

आणि हे सगळं मार्च ते मे. पावसाळा तोंडावर आला की वर्षाचा मसाला करून झालेला असतो, मग जुलैत त्याच जाहिरातीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. साडीला लग्नसराई, फराळाला दिवाळी, आणि खेड्यात महाग वस्तू विकायची असेल तर उसाची बिलं कधी जमा होतात ते आधी विचारा. आपल्या जिल्ह्यात निम्मा व्यवहार त्या बिलावर चालतो. मोबाईलमधलं कुठलंही सेटिंग हे सांगणार नाही, ते आपल्यालाच माहीत असतं.

भाषेबद्दल मला तळमळीनं बोलायचंय. दुकानात मराठी गिऱ्हाईक आलं की आपण मराठीत बोलतो, बैलहोंगल-सौंदत्तीकडचं आलं की कानडीत. कुणी शिकवावं लागलं नाही. मग जाहिरात लिहायला बसलं की सगळ्याजणी इंग्रजी का लिहितात? "प्रीमियम क्वालिटी होममेड" वाचून कुठल्या मावशीला तोंडाला पाणी सुटेल? मराठी गिऱ्हाइकाला मराठीत लिहा, आपण घरी बोलतो तसं. कानडी गिऱ्हाइकासाठी वेगळी पोस्ट कानडीत करा, शेजारच्या अक्कांकडून तपासून घ्या. भाषेचं राजकारण आपण सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसलंय, पण गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणं ही बेळगावच्या बाजारपेठेची जुनी रीत आहे, ती मोबाईलवर आल्यावर सोडू नका.

गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, तरी कितीतरी जणींनी केलेली नाही. शोधणारा माणूस आधीच गरजेनं आलेला असतो, त्याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. नाव, फोन, वेळ, सुट्टीचा वार, चार चांगले फोटो. गल्लीतली पिन बरोबर दारावर आहे ना ते स्वतः चालत जाऊन बघा. शहराचं नाव 2014 मध्ये अधिकृतपणे बेळगावचं बेळगावी झालं, तरी बाहेरगावची माणसं जुनं नाव टाकूनही शोधतात, म्हणून दुकानाच्या माहितीत दोन्ही नावं येऊ द्या.

व्हॉट्सअॅप बिझनेस मात्र मी सगळ्यांच्या वर ठेवीन. त्यात ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायची, यादी करता येते, एका यादीत 256 जण. बऱ्याच जणींना एक गोष्ट ठाऊक नसते. समोरच्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला असेल, तरच तो निरोप त्याला पोचतो. तुम्ही शंभर जणांना पाठवला आणि साठ जणांकडं तुमचा नंबरच नाही, तर तो चाळीस जणांनाच गेला. म्हणून पुडी बांधतानाच मी सांगते, "काकू, नंबर सेव्ह करा, नवीन मसाला आला की कळवते." आणि त्यांच्यासमोरच नाव टाकून घेते. लेबलं लावते: पुणे, गोवा, चंदगड, लग्नघर. पुण्यातल्या लेबलमधली निम्मी माणसं मूळची बेळगाव-खानापूरचीच आहेत. पुण्यात कुणाला बेळगावचा मसाला हवाय ते फेसबुकला शोधायला मी महिनाभर पैसे दिले असते. इथं त्या माणसांच्या आया माझ्या दुकानात येतात, "पोरीला पाठवायचाय" म्हणतात आणि पोरीचा नंबरही देतात. यापेक्षा अचूक जाहिरात मला तरी माहीत नाही.

एक बाब सीमाभागातल्या प्रत्येकीनं गंभीरपणे घ्या. चंदगड आपल्याला शेजारी असलं तरी जीएसटीच्या हिशेबात ते परराज्य. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, आपली वस्तू त्यात बसते का ते जाहिरात लावायच्या आधी सीएला विचारून घ्या. खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीही हवीच. पुण्यातल्या एकीला पहिली बरणी पाठवाल, ती सोसायटीत दहा जणींना सांगेल, आणि कागद नसले तर तेव्हा धावपळ होईल.

ज्यांना नकाशावर पिन टाकायला जमत नाही त्यांनी दुपारी तीन ते पाच दुकानात या, गर्दी नसते. येताना मोबाईल आणा आणि मागच्या वर्षाची ऑर्डरची वही आणा. कुठल्या गावाहून किती ऑर्डर आल्या ते आधी वहीतून काढू, गोल त्यावरून ठरवू. वही नसेल तर निदान गूगल पे-फोनपेची यादी उघडून ठेवा, नावांवरून गावं आठवतात.