शरणपूरचा लोहार, रबाईचा पाळक

नाशिकच्या शरणपूर रोडच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला 'शरणपूर' हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडी घ्यावा लागतो; रिक्षावाल्याला सांगताना, कुरिअरवाल्याला पत्ता समजावताना, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अडकल्याचे घरी कळवताना. इतक्या वापरामुळे त्यातला 'शरण' आपल्याला ऐकूच येत नाही. हे गाव कोणाला शरण देण्यासाठी वसले, हा प्रश्न माझ्याही मनात पन्नाशी उलटेपर्यंत आला नव्हता आणि मी तर इथल्याच ख्रिस्ती मंडळीत लहानाचा मोठा झालो आहे.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनचे काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झाले. पुढे शहराबाहेर शरणपूरची वसाहत उभी राहिली आणि १८६० च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली तिथे आफ्रिकी मुलामुलींचा आश्रम चालू झाला. गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमाराने समुद्रात पकडावीत, त्यांतली मुले मुंबईला उतरवावीत आणि त्यांतली काही शरणपूरला पाठवावीत, असा तो क्रम होता. इथे त्यांना लिहिणे-वाचणे शिकवले जाई आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखा एखादा हातचा धंदाही.

ही गोष्ट नाशिकमध्ये कधी निघालीच तर ती आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या नावानेच निघते. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात त्यांचे निधन झाले, त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांमध्ये नाशिकला शिकलेले तरुण होते आणि त्यांपैकी जेकब वेनराइट हे एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीला हजर होते. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. तरीही ती ऐकताना मला दर वेळी थोडे खटकते, कारण तिच्यात आपली मुले कोणा थोर माणसाच्या पेटाऱ्याचे भोई म्हणूनच उभी राहतात. ज्यांच्या खांद्यावर स्वतःचे असे एक गाव होते, त्या विल्यम हेन्री जोन्स यांचे नाव मात्र आपल्याकडे कोणी घेत नाही.

जोन्स हे मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचे. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले, सुटका होऊन मुंबईला आले आणि तिथून शरणपूरला. इथे ते लोहारकाम शिकले. १८६४ मध्ये ते, त्यांच्या पत्नी जेमायमा आणि त्यांचे सोबती इश्माएल सेमलर असे आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाई या गावी गेले. तिथे योहानेस रेबमान नावाचे जर्मन मिशनरी कित्येक वर्षे जवळजवळ एकटेच तग धरून होते. आफ्रिकेतून उचललेले मूल गोदाकाठी वाढून आफ्रिकेला परत गेले, एवढ्यावर ही हकिकत संपवता येते आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच संपवली जाते. माझ्या मते ती इथून सुरू होते.

रबाई हे त्या काळी फार मोठे गाव नव्हते, पण त्याची एक अडचण फार मोठी होती. किनाऱ्यावरच्या मळेवाल्यांच्या जाचाला कंटाळून पळालेले गुलाम मिशनच्या आसऱ्याला येत. स्वाहिलीत त्यांना 'वाटोरो' म्हणत. अशांना ठेवून घेऊ नये, हे मिशनचे अधिकृत धोरण होते, कारण त्या किनाऱ्यावर सत्ता असलेल्या झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती आणि मालकांशी उघड वैर मिशनला परवडणारे नव्हते. धोरण कागदावर लिहिणारे दूर लंडनला होते. रात्री दार वाजल्यावर ते उघडायचे की नाही, हे रबाईतल्या माणसाला ठरवावे लागे. हा माणूस स्वतः विकला गेलेला होता, हे विसरून कसे चालेल? जोन्स यांच्या देखरेखीखालच्या त्या वस्तीत अशी माणसे येत राहिली, घरे बांधत राहिली, शेते कसू लागली. माणसे वाढली म्हणजे जमिनीचे वाद, लग्नाचे तंटे, धान्याची टंचाई हेही सारे वाढते आणि ते निस्तरायला उपासनेतली प्रार्थना पुरत नाही. आपल्याकडे अशा माणसाला सरपंच म्हणतात. तिथे तोच माणूस रविवारी उपदेशाला उभा राहत असे, एवढाच काय तो फरक.

१८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर या दोघांना डीकनपदाची, म्हणजे पाळकाच्या (ख्रिस्ती धर्मगुरूच्या) खालच्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप बुगांडाच्या (आजच्या युगांडातल्या राज्याच्या) वाटेने निघाले तेव्हा जोन्स त्यांच्याबरोबर होते. वाटेत बहुतेक हमालांसह त्यांना मागे ठेवून बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि ऑक्टोबरअखेरीस राजा मवांगा याच्या हुकमाने मारले गेले. त्यांच्याबरोबरचीही बहुतेक माणसे मारली गेली. निसटलेल्या मोजक्या लोकांनी ती बातमी जोन्स यांना आणून दिली. मग नवख्या डीकनाने, कोणाचे मार्गदर्शन नसताना, तो सारा तांडा शेकडो मैल चालवत फेब्रुवारी १८८६ मध्ये रबाईला सुखरूप परत आणला. तांड्याच्या पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: ईखाबोद. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, कराराचा कोश (इस्राएलांची पवित्र पेटी) शत्रूच्या हाती गेल्याचे ऐकून मरणाच्या दारी असलेली बाई आपल्या नवजात मुलाला हे नाव देते. वैभव गेले, असा त्याचा अर्थ. शोक करण्यासाठी पवित्र शास्त्रातला इतका नेमका शब्द उचलणाऱ्या माणसाचे शिक्षण आपल्या शरणपुरात झाले होते, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो.

१८८८ मध्ये पळून आलेल्यांचा प्रश्न अखेर चव्हाट्यावर आला. मालक आपली 'मालमत्ता' परत मागू लागले. योगायोग असा की तो गुंता सोडवायला मिशनने ज्यांना पाठवले होते, ते आपले प्राइसच. शरणपूरचे गुरुजी आपल्या शिष्याच्या गावी पोहोचले आणि तिथे पळून आलेल्यांची वस्ती किती वाढली आहे, हे पाहून चकित झाले. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी पुढाकार घेतला, मालकांना भरपाई देण्याचे ठरले आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत स्वातंत्र्याचे दाखले वाटले गेले. त्या भागातल्या मिशनच्या वस्त्यांवरचे मिळून सुमारे १,४०० लोक त्या व्यवहारात मोकळे झाले. श्रेय कंपनीला मिळाले, कारण पैशाची पावती असते आणि इतकी वर्षे दार उघडे ठेवल्याची नसते.

मिशनने जोन्स यांना कसे वागवले, याविषयी आम्हा ख्रिस्ती मंडळींनी तरी गुळमुळीत बोलू नये. डीकन झाल्यावर पूर्ण पाळकपदाची दीक्षा मिळायला १८९५ साल उजाडले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, आफ्रिकी सेवकांना गोऱ्या मिशनऱ्यांपेक्षा कमी लेखले जाते, याच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. ज्यांनी सोडवले, शिकवले, नावसुद्धा ज्यांनी दिले, त्यांनाच उतारवयात 'हे चूक आहे' असे लेखी कळवणे सोपे नव्हते. मला विचाराल तर निळ्या निशाणापेक्षा मला तो राजीनामा मोठा वाटतो.

आमच्या मंडळीत अधूनमधून जुन्या लोकांच्या स्मरणार्थ पाटी लावण्याचा विषय निघतो आणि कोणाचे नाव वर, कोणाचे खाली यावर चहा थंड होतो. मी या वेळी जोन्स यांचे नाव सुचवले आहे. एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "हे इथे पाळक कधी होते?" नव्हते. म्हणूनच पाटीवर 'रेव्हरंड'च्या शेजारी 'लोहार' हा शब्दही असावा असा माझा आग्रह आहे, कारण पाळक ते रबाईचे, पण लोहार आपल्या शरणपूरचे.