स्टिंगरेच्या टाकीत खडेमीठ टाकू नका

ठाण्यातल्या मासेपाळ मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या स्टिंगरे या चपट्या, चकतीसारख्या माशाबद्दल एक मेसेज फिरतोय: 'स्टिंगरे मूळचा समुद्री, म्हणून टाकीत मूठभर खडेमीठ टाका. पाणी काचेसारखं दिसतंय तोवर बदलू नका.' दोन्ही गोष्टी चूक आहेत.

आपल्याकडे घरी पाळले जातात ते पोटामोट्रायगॉन जातीचे स्टिंगरे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले. पूर्वज समुद्रातले खरे, पण समुद्री भाऊबंद अंगात युरिया साठवून खाऱ्या पाण्यात तगतात, ती सोय यांच्याकडे उरलेली नाही. आणि माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया मिठाने जात नाही.

खरा शत्रू हाच. स्टिंगरे खातो दाबून, घाणही तेवढीच करतो. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसतं आणि टेस्ट किटच्या नळीत तेच पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवं होतं. माझ्या टाकीत हे झालं तेव्हा फिल्टरचा स्पंज मीच आदल्या दिवशी नळाखाली खसाखसा धुतला होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मेले. (हौस दांडगी, अक्कल नंतर.) स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) आणि तापमान वाढलं की अमोनिया जास्त विषारी होतो, तेव्हा मे महिन्यात जपून.

दर आठवड्याला थोडं पाणी बदलाच, पण नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय ओतू नका. स्टिंगरेच्या चकतीसारख्या अंगाच्या कडा वर वळू लागल्या तर मेसेज शोधत बसू नका, आधी पाणी तपासा.