तार निघाली म्हणजे ग्रीस चांगलं, असं नसतं

‘ग्रीस दोन बोटांत घ्या आणि बोटं लांब करा. तार जितकी लांब, तितकं घर्षण कमी. काळं आणि घट्ट असेल तर डोळे झाकून भरा. जुन्यावर कोणतंही चालतं.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून गाडीचे सांधे भरले जातात, म्हणून तो तपासायलाच हवा.

आधी तार. ती चिकटपणासाठी घातलेल्या पॉलिमरमुळे निघते. त्यामुळे ग्रीस जागेवर टिकायला मदत होते, हे मान्य. पण झीज कळायला भार लागतो, आणि बोटांत तो कुठून येणार? फोर-बॉल चाचणीत १२.७ मिमीच्या तीन पोलादी गोळ्या ग्रीसमध्ये घट्ट बसवतात. चौथी त्यांच्यावर ४० किलोच्या भाराखाली, ७५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १२०० फेऱ्यांनी तासभर फिरवतात. मग खालच्या गोळ्यांवर पडलेल्या चट्ट्यांचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. चट्टा लहान, तर झीज कमी.

तरीही हा एक आकडा पुरत नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. या चाचणीत गोळी सतत फिरते. प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमधल्या, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यातल्या, सुईसारख्या बारीक रोलर्स, म्हणजेच सुया, मात्र काही अंशांतच मागेपुढे डोलतात. बाजूला सरलेलं ग्रीस तिथे सहज परत येत नाही, धातू धातूला भिडतो आणि क्रॉसवर सुयांचे ओरखडे उमटतात. अशा झिजेसाठी वेगळी चाचणी आहे: बेअरिंग १२ अंशांच्या कमानीत २२ तास डोलवायचं आणि त्याच्या कड्यांचं वजन किती घटलं ते पाहायचं. फोर-बॉलमध्ये चांगलं ठरलेलं ग्रीस इथे मागे पडू शकतं.

घट्टपणाचं म्हणाल, तर एनएलजीआय हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक. एनएलजीआय २ म्हणजे २५ अंशांना ठरावीक शंकू ५ सेकंदांत २६.५ ते २९.५ मिमी रुतणारं ग्रीस, इतकंच. वंगणाचा थर मुख्यतः आतल्या तेलाचा असतो. त्या तेलाचा दाटपणा हा क्रमांक सांगत नाही.

काळा रंग मोलिब्डेनम डायसल्फाइड या घन वंगणाचा असू शकतो. सीव्ही जॉइंटमध्ये (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणाऱ्या सांध्यात) गोळ्या भाराखाली घरंगळतात आणि घसरतातही, तिथे ते उपयोगी पडतं. पण ग्रॅफाइटही काळंच, आणि रंग तर कशातही घालता येतो.

शेवटी ‘जुन्यावर कोणतंही चालतं’ हा दावा. लिथियम आणि पॉलियुरिया अशा वेगवेगळ्या जाडकारकांची (तेलाला घट्ट करणाऱ्या पदार्थांची) ग्रीस एकत्र आली की मिश्रण अनेकदा पातळ होऊन वाहून जातं. जाडकारक बदलत असेल तर आधी जुनं ग्रीस पूर्ण काढा.