फी 420 पौंड आणि सल्ला ‘घेऊ नका’: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. बारा वर्षं पैसे साठवून तुम्ही पहिली फेरारी घ्यायला निघालात. फक्त 19,000 मैल चाललेली लाल 355 पसंत केलीत आणि ती तपासायला आम्हाला नेलंत. आम्ही 420 पौंड घेतले (‘आकड्यातच सगळं आलं’ हा तुमचा शेरा), अहवाल तीन दिवस उशिरा दिला आणि त्यात ‘घेऊ नका’ म्हटलं. आमच्या माणसाने तुमची ऐपत काढली. वर आमच्याच दारात उभी असलेली अल्फा रोमिओ तुमच्या गळ्यात मारायला बघितली. पुढच्याच आठवड्यात ती फेरारी दुसऱ्याने घेतली आणि तो मजेत फिरवतोय. ‘आपला माणूस म्हणून गेलो आणि आपल्याच माणसाने पाय ओढले.’

आधी आमचं चुकलं ते. अहवाल उशिरा दिला, त्यात फोटो नव्हते, आणि जे मी तुम्हाला समोर बसवून तासभर समजावायला हवं होतं ते दीड पानात उरकलं. ‘तुम्हाला झेपणार नाही’ हे वाक्य माझा सहकारी बोलला, हे त्याने कबूल केलंय. त्याला म्हणायचं होतं की सगळी पुंजी गाडीच्या किमतीतच गेली तर पहिल्या मोठ्या कामाला हातात काही उरणार नाही. पण म्हणायचं एक आणि ऐकू गेलं दुसरं, यात दोष ऐकणाऱ्याचा नसतो. त्याबद्दल माफी मागतो.

अल्फाच्या बाबतीत तर तुम्ही सरळसरळ बरोबर आहात. ती स्पायडर आमच्याकडे एका ग्राहकाने विकायला ठेवली आहे आणि विकली गेली तर आम्हाला त्यात कमिशन आहे. तिचं नाव काढायच्या आधी हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर मलाही तोच संशय आला असता.

फीच्या आकड्यावरचा विनोद तुमच्या आधी पुष्कळ मराठी ग्राहकांनी करून झालाय. पुढच्या महिन्यापासून 415 करतोय.

आता गाडीबद्दल. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

355 या आकड्यातच तिचा स्वभाव लिहिलेला आहे. साडेतीन लिटरचं इंजिन, आणि शेवटचा 5 म्हणजे दर सिलिंडरला पाच व्हॉल्व, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा. आठ सिलिंडरचे चाळीस. 1994 ते 1999 या काळात फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी 8,500 आरपीएमपर्यंत जाते, आणि तो आवाज ऐकल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहत नाही. पण हे व्हॉल्व ज्याच्या जिवावर हलतात तो टायमिंग बेल्ट रबराचा आहे. गाडी चालो वा न चालो, रबर म्हातारं होतंच. बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. म्हणून तो दर तीन ते पाच वर्षांनी बदलायचा असतो. 355 मध्ये तो बदलायचा तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन सांगाड्यासकट खालून उतरवावं लागतं. नुसत्या या कामाचे काही हजार पौंड होतात. इंजिन खाली आल्यावर एक्झॉस्टचे हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) तडकलेले किंवा व्हॉल्व गाइड (व्हॉल्व ज्यात सरकतो ती नळी) झिजलेले निघाले (सुरुवातीच्या 355 ना ही दोन्ही दुखणी आहेत), तर बिल पाच आकड्यांत जातं.

तुमच्या गाडीच्या फायलीत बेल्टचं शेवटचं बिल 9 वर्षांपूर्वीचं होतं. विकणारा म्हणत होता, ‘त्यानंतर चाललीच कुठे आहे?’ तुम्हाला ते पटलं. माझ्या पोटात गोळा आला तो तिथेच.

कमी मैल म्हणजे चांगली गाडी, हा हिशोब टोयोटाला चालतो. इथे तो उलटा पडतो. एमओटीची (इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची) सरकारी नोंद नंबर टाकला की कुणालाही फुकट दिसते. तुमच्या गाडीच्या दोन एमओटींमध्ये सहा वर्षांचं अंतर आणि मीटरवर 31 मैलांचा फरक होता. टायरच्या कडेवर 3211 हा शिक्का होता, म्हणजे 2011 सालच्या 32व्या आठवड्यातला टायर. नक्षी नव्यासारखी, आणि रबर वाळलेल्या आंबापोळीसारखं. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ऑइल सील सुकतात, पाण्याचे होस आतून कडक होतात, ब्रेकचे पिस्टन धरतात. डॅशबोर्डचं चामडं आक्रसून काचेपासून सुटलं होतं. एसीची बटणं हाताला चिकटत होती, तुम्ही ते हसण्यावारी नेलंत. तसं त्या काळच्या सगळ्याच फेरारींचं प्लास्टिक चिकट होतं, ते मी गुन्ह्यात धरलं नाही.

त्या दिवशीची सकाळ आठवा. आपण साडेनऊला पोचलो. मी आधी इंजिनच्या झाकणावर हात ठेवला, तेव्हा तुम्हाला वाटलं मी गाडीला नमस्कार करतोय. झाकण कोमट होतं. फोनवर मी बजावून सांगितलं होतं की इंजिन थंड हवं, सकाळची पहिली चावी आम्हीच मारणार. तडकलेला हेडर थंड इंजिनावर टिकटिकतो आणि गरम झाला की गप्प होतो. व्हॉल्व गाइड गेले असतील तर निळा धूरही पहिल्या चावीलाच दिसतो. पुढे रस्त्यावर दुसरा गिअर पडेना तेव्हा तुम्ही घाबरलात. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. या गाड्यांचं गिअरबॉक्सचं ऑइल तापेपर्यंत दुसरा गिअर नखरे करतोच, जाणते मालक तोवर पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जातात. मला त्यातून वेगळंच कळलं. इंजिन गरम आणि गिअरबॉक्स थंड, म्हणजे सकाळी कुणीतरी गाडी जागच्या जागी चालू करून ठेवली होती.

मग मी स्पार्क प्लग काढून लीक-डाउन टेस्ट करू का, असं विचारलं. कोणत्या सिलिंडरमधून हवा किती गळते ते त्यात कळतं, आणि झिजलेले व्हॉल्व लपत नाहीत. विकणाऱ्याने साफ नकार दिला. त्यामुळे अहवालात मी गाडी वाईट आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं, की तपासू दिलेली नाही, म्हणून या किमतीला घेऊ नका. ज्यांनी ती घेतली त्यांची गाडी उत्तम निघो, मला आनंदच आहे. कदाचित त्यांनी इंजिन उतरवायचे पैसे भावातून कापून घेतले असतील. तुम्ही तर मागितलेल्या किमतीचा चेक लिहायला बसला होतात.

बैलबाजारात दात बघतात, रंगवलेली शिंगं नाही. या गाड्यांचे दात म्हणजे बिलांची फाईल. मी तुम्हाला त्याच महिन्यात दुसरी 355 सुचवली होती, निळी, 52,000 मैलांची. जाडजूड फाईल, दर तीन-चार वर्षांनी बेल्ट, हेडर बदललेले, क्लच नवा. तुम्ही म्हणालात, ‘ही तर टॅक्सीएवढी चालली आहे.’

टॅक्सीवरून आठवलं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पहिली इटालियन गाडी केव्हाच येऊन गेली आहे. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट 1100, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. माझ्या वडिलांचं गॅरेज त्या गाड्यांवरच चाललं. तिथे मी शिकलो की रोज धंद्यावर जाणारी गाडी वर्षातून दोनदा दुरुस्तीला येते आणि परत जाते. सोसायटीत कव्हर घालून जपलेली गाडी मात्र एकदाच येते, टो करून.

आता उरली अल्फा. कमिशन बाजूला ठेवून सांगतो, पटलं तर घ्या. स्पायडर 1966 पासून 1990 च्या दशकापर्यंत पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या मूळ आकारात थोडेफार बदल होत बनत राहिली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. दुसऱ्या गिअरची कुरकुर तीही करते. तिचा खरा शत्रू गंज, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दाराखालच्या पट्ट्या आणि तळ नीट बघितला, तर बाकी कामं रविवारी घरी करता येतात. पहिल्या गाडीने मालकाला हात काळे करायला शिकवावं असं मला वाटतं. पण हे माझं मत झालं. तुम्ही फेरारी मागितली होती आणि मी अल्फा पुढे केली, तेव्हा तुम्हाला राग आला हे साहजिक आहे.

फेरारीच घ्यायची असेल तर 1985 ते 1989 मधली 328 बघा. तिचे बेल्ट इंजिन जागेवर ठेवून बदलता येतात, आणि चाळीस वर्षं पुरी झाली की इथे रोड टॅक्सही माफ. नाहीतर 360. तिच्या सीटमागचं झाकण उघडलं की बेल्टपर्यंत हात पोचतो. फक्त स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलणारी असेल, तर क्लच किती उरलाय ते कॉम्प्युटर लावून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोणतीही घ्या, पण पाचातला एक हिस्सा बँकेतच राहू द्या.

अहवाल उशिरा दिल्याबद्दल 120 पौंड तुमच्या खात्यावर आजच परत करतोय. तारा बदलायची अट नाही. ती निळी 355 अजून विकली गेलेली नाही. मालकाने प्लग काढायला परवानगी दिली आहे आणि येत्या गुरुवारी सकाळी आठला ती आमच्या लिफ्टवर चढतेय, आदल्या रात्रीपासून थंड. या तपासणीचे पैसे घेणार नाही. यायचं असेल तर जुने कपडे घालून या, खाली उभं राहून स्वतः बघा. बिलांची फाईल मी आधीच मागवून ठेवली आहे. चहाबरोबर वाचायला तासभर लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.