पंचेचाळीसच्या पुंगळ्या, दोन मापं अन् कंपन्यांचा शहाणपणा

कंपनीनं माप बदललं याचा मला राग नाही, कधीकधी बदलावंच लागतं. पण आतलं माप बदलायचं, बाहेरून वस्तू जशीच्या तशी ठेवायची अन् वर नावही तेच ठोकायचं, हे काही मला पटत नाही, मग ती पाण्याची मोटर असो नाहीतर पिस्तुलाचं काडतूस.

आता काडतूस मधीच कुठून आलं ते सांगतो. भाचा टेक्सासला असतो, तिथलाच नागरिक झालाय, सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजीला जातो आणि झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी परत भरतो. तिकडं ते चालतं, लोक गॅरेजमधी प्रेस म्हणजे काडतूस भरायचं मशिन बसवून करतात, रिलोडिंग म्हणतात त्याला. आपल्याकडं लायसन नसताना असलं काही केलं तर आर्म्स ॲक्ट १९५९ खाली सरळ गुन्हा आहे, तेव्हा पोस्ट वाचून कुणी उत्साहात येऊ नका. दिवाळीला जालन्याला येताना म्हणला, मामा एक पुंगळी आणू का तुम्हाला दाखवायला. म्हणलं बाबा रिकामी सुद्धा बॅगेत टाकू नको, त्या कायद्यात काडतुसाचे सुटे भाग पण काडतुसातच धरलेत, विमानतळावर बसशील जबाब देत. काय दाखवायचं ते व्हिडिओ कॉलवर दाखव. मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवण्यात नोकरी घालवली, माप कळलं की वस्तू डोळ्यापुढं उभी राहते आपल्या.

तर भानगड अशी. पितळी पुंगळीच्या बुडाला मधोमध एक छोटं घर असतं, त्यात प्रायमर बसतो. पिस्तुलाची पिन त्याच्यावर आदळली की ठिणगी आतल्या पावडरला लागते. पिस्तुलाच्या प्रायमरची मापं दोनच, स्मॉल ०.१७५ इंच म्हणजे ४.४५ मिलीमीटरच्या आसपास, अन् लार्ज ०.२१० इंच म्हणजे ५.३३. काडतुसांची नावं साधारण गोळीच्या जाडीवरनं पडलीत, नऊ मिलीमीटरमधी, बाकीचे आकडे इंचाच्या शंभराव्या भागात. नऊ एमएमला स्मॉल, अडतीसला स्मॉल, चाळीसला स्मॉल. पंचेचाळीस एसीपीला मात्र लार्ज. पिढ्यानपिढ्या लोकांनी डोळे झाकून पंचेचाळीस म्हणजे लार्ज असं धरलं.

मग शिशाचा विषय निघाला. साध्या प्रायमरमधी शिशाचं संयुग असतं, बंद हॉलमधल्या रेंजवर रोज तो धूर नाकात गेला की शिसं रक्तात चढतं. म्हणून बिनशिशाचे प्रायमर काढले आणि ते पंचेचाळीसला बसवताना स्मॉल माप घेतलं. इथपर्यंत कंपन्यांचं बरोबरच आहे, माणसाच्या तब्येतीपुढं माप काय घेऊन बसायचं. पण पुढं साधे प्रायमरवाले काही माल पण स्मॉलमधीच यायला लागले. एकच प्रायमर नऊ एमएमला अन् पंचेचाळीसला चालला तर कारखान्याला सोपं जातं, हे माझ्या लक्षात येतं, कारखान्यात मी पोरं पाठवलीत. पण बुडावर शिक्का पहिल्यासारखाच, ४५ ऑटो, म्हणजे तेच पंचेचाळीस एसीपी. एक टिंब, एक रेघ, काहीतरी जास्तीचं मारायला डायमधी कितीसा खर्च येतो हो?

ज्यांनी वाळूजला नाहीतर जुन्या पंपावर काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. अर्धा इंची व्हिटवर्थ म्हणजे इंग्रजी पद्धतीच्या बोल्टला इंचात १२ आटे अन् अर्धा इंची युएनसी म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला १३. दिसायला जुळे भाऊ. नट दोन आटे गोड जातो, मग अडकतो, अन् नवीन पोरगं काय करतं तर पान्याला पाइप लावतं.

प्रेसवर नेमकं हेच होतं, फक्त इथं पान्याखाली स्फोटक आहे. प्रोग्रेसिव्ह प्रेसचं हॅन्डल एकदा ओढलं की एका जागी जुना प्रायमर निघतो, नवा बसतो, पुढच्या जागी पावडर पडते, त्याच्या पुढं गोळी बसते, सगळं एका लयीत. त्यात एक स्मॉलवाली पुंगळी घुसली की लार्ज प्रायमर तिच्यात जाणारच नाही, चेपतो, आडवा होतो, सगळी लाइन बंद. हाताला कळतं काहीतरी कडक लागतंय. तिथंच थांबायचं. जोर लावणारे महाभाग असतात अन् प्रायमर हा दाबानं-धक्क्यानं पेटण्यासाठीच बनवलेला असतो हे त्यांना त्या क्षणी आठवत नाही. उलटं झालं, म्हणजे लार्जच्या घरात स्मॉल प्रायमर, तर तो खाली गळून पडतो अन् मागून पावडर सांडते सगळ्या प्लेटवर.

म्हणून माझं मत एकच, निवडणं मशिनच्या आधी झालं पाहिजे, मशिनवर नाही. भाचा म्हणतो चाळण्या मिळतात मामा. मिळतात, पण चाळणी बाहेरचं माप बघते, नऊ, चाळीस, पंचेचाळीस वेगळं करील, बुडातलं घर तिला काय दिसणार? अन् चाळायच्या आधी हे पण बघावं लागतं की पंचेचाळीसच्या पोटात चाळीसची अन् तिच्या पोटात नऊची पुंगळी जाऊन बसलेली असते, घट्ट.

जुना प्रायमर आत असेल तर डोळाच बरा. भोकांच्या ट्रेमधी सगळ्या बुड वर करून उभ्या करायच्या, वरून चांगला लाइट, अन् एकदम सगळ्यांवर नजर फिरवायची. एकेक हातात घेऊन बघू नका, त्यानं डोळा थकतो. शंभर मोठ्या टिकल्यांत बारकी टिकली असली की आपोआप खटकते. प्रायमर काढून झाला असेल तर अजून सोपं, ५ एमएम ड्रिलची मागची साधी शँक घ्या, घरात गेली तर लार्ज, नाही गेली तर स्मॉल. फुकटातलं गो-नो गो गेज. भाच्यानं ऑनलाइन महागडं गेज कार्टमधी टाकून ठेवलं होतं, काढायला लावलं.

प्रायमर काढताना प्रेसची पिन मोडली तर बुडात डोकावून बघा, मधी एक भोक असतं ती बॉक्सर पद्धत, त्याऐवजी बाजूला दोन भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी आहे, बाजूला टाका. गंमत बघा, बर्डन अमेरिकन अन् बॉक्सर इंग्रज, दोघांचे पेटंट १८६६ चे, पण अमेरिकेत चालतं ते इंग्रजाचं अन् युरोपात अमेरिकनाचं बरंच चाललं.

आता स्मॉलवाल्यांचं काय करायचं. तिकडं बरेच जण भंगारात टाकतात, शिव्या घालून. मला हे अजिबात पटत नाही. पंचेचाळीसचा दाब तसा कमी, पितळ लै वेळा भरता येतं, चांगला माल का फेकायचा? शिवाय २०२० नंतर तिकडं प्रायमरची टंचाई झाली, दुकानं रिकामी, अन् ज्यांनी स्मॉलच्या पुंगळ्या डब्यात भरून ठेवल्या होत्या त्यांना जे माप मिळेल ते चाललं. फक्त प्रायमर बदलला की पावडरचं जुनं माप तसंच धरायचं नाही, मॅन्युअलमधल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून परत चढायचं. अन् हात धुवायचे, त्या धुळीत शिसं असतं, चहाचा कप त्या टेबलावर नको.

ज्या मॅचमधी पुंगळ्या परत उचलू देत नाहीत तिथं भाचा आता स्मॉलवाल्याच नेतो. अन् मिसळलेल्या पुंगळ्या कुणाला विकायच्या असतील तर आधी तोंडानं सांगा मिसळलेल्या आहेत म्हणून, भाव थोडा कमी येईल, येऊ द्या.