गाण्याला कवी आहे म्हणून ते लोकांचं नाही?

नमस्कार. रनरिग या स्कॉटिश बँडवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांची बहुतेक गाणी दोन भावांनी स्वतः लिहिली आणि इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली, त्यांना लोकसंगीताच्या पंगतीत बसवू नये, असं तुमचं म्हणणं. लोकगीत म्हणजे जात्यावरच्या ओवीसारखं, कर्ता नसलेलं. मला हे पटत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

ही व्याख्या लावली तर गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतल्या गाण्यातलं फार मोलाचं काही बाहेर टाकावं लागेल. रोरी आणि कॅलम मॅकडॉनल्ड या भावांनी 1973 मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावर बँड सुरू केला. त्याच बेटावर 1821 मध्ये गॅलिक कवयित्री मेरी मॅकफर्सन जन्मली. चोरीच्या आरोपावरून 1872 मध्ये तिला इन्व्हर्नेसच्या तुरुंगात टाकलं आणि त्या अपमानातून तिचं गाणं सुरू झालं. पुढे जमीनदारांविरुद्ध कुळांचा लढा पेटला. 1882 मध्ये स्कायवरच्याच ब्रेज भागातल्या बायाबापड्यांनी ग्लासगोहून आलेल्या पोलिसांवर दगडांचा मारा केला. 1886 च्या कायद्याने कुळांना जमिनीवरून हुसकावलं न जाण्याची हमी मिळाली. या काळात मेरी सभांमधून स्वतःची गाणी म्हणत होती. तिला गॅलिक लिहिता येत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून उतरवून घेतलेली गाणी 1891 मध्ये छापली गेली. तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती गाणी लोकांचीच आहेत. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं म्हणून वारकऱ्याला ते परके वाटतात का?

आणि कर्ता नसलेली गाणी तरी कुठे गोठलेली होती? स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर विणलेलं ओलं कापड फळीवर आपटून घट्ट करताना बायका गात. शेवटच्या टाळ्यांच्या गाण्यांत जमलेल्या मुलींची नावं गावातल्या पोरांशी जोडून जागच्या जागी कडवी रचत.

रनरिगचा 1978 चा पहिला अल्बम पूर्ण गॅलिकमध्ये होता. 1872 च्या शिक्षण कायद्याने शाळेत या भाषेला जागाच ठेवली नव्हती; 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे जेमतेम 57 हजार उरले. अशा भाषेत फक्त जुनंच गायचं ठरवलं, तर आज वीस वर्षांच्या मुलाने आपला राग कशात मांडायचा? 'रिकव्हरी' या 1981 च्या अल्बममध्ये त्यांचं एक गाणं आहे: शाळेत वर्षानुवर्षं शिकलो, पण आपलाच इतिहास कुणी शिकवला नाही, अशी त्यातली तक्रार. हे सांगणारं जुनं गाणं त्यांना कुठे मिळणार होतं? ते त्यांनाच लिहावं लागलं.

1995 मध्ये त्यांचं एक गॅलिक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 18 व्या क्रमांकापर्यंत गेलं. बिअरच्या जाहिरातीचा हात होता, हे खरं. पण तेही त्यांनी स्वतः लिहिलेलंच होतं.

वाद्यांबद्दलच्या तुमच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या काही इंग्रजी गाण्यांत स्टेडियमसाठी केलेला आवाज इतका मोठा होतो की शब्द बुडतात. मलाही ती गाणी फारशी आवडत नाहीत. पण तो दोष वाद्यमेळाचा, गाणं नवं असण्याचा नाही.

तुम्ही त्यांचे कोणते अल्बम ऐकलेत, ते लिहा. पहिला राहिला असेल तर आधी तोच ऐका आणि मग सांगा.